पुढे चाल मिळालेला संघ

आमच्या कंपनीचा कबड्डी संघ व्यावसायिक गटात खेळतो. व्यावसायिक म्हणजे खेळाडू कंपनीचे पगारी नोकर. दिवसभर टेबलावर काम, संध्याकाळी सराव, स्पर्धेच्या दिवसांत भरपगारी सुट्टी. लोअर परळच्या ऑफिसात मी कर्मचारी कल्याण विभागात आहे. संघाचं व्यवस्थापन माझ्याकडे आलं ते कबड्डी कळते म्हणून नव्हे, तर मी सामान विसरत नाही म्हणून.

पहिल्या मोसमात माझी यादी छोटी होती: जर्सी, ओळखपत्रं, केळी, बर्फ. संघ जोरात होता. कर्णधार परळच्या चाळीत वाढलेला, कंपनीने खेळावरच नोकरीत घेतलेला. उजव्या कोपऱ्यात उभा राहायचा आणि चढाईला आलेल्याचा घोटा एकदा हाती लागला की सोडायचा नाही. त्या वर्षी आम्ही करंडक आणला. साहेबांनी पेढे वाटले आणि लगोलग नवी भरती बंद केली. भरती बंद म्हणजे खेळाडूंचीही बंद, हे आमच्या डोक्यात शिरायला आणखी दोन मोसम जावे लागले.

दुसऱ्या मोसमात उपविजेते. तिसऱ्यात पहिल्या आठात. यादीत नी-कॅप आल्या. चौथ्यात आमचा सर्वात चांगला चढाईपटू निवृत्त झाला, खेळातून नव्हे, नोकरीतून. निरोप समारंभाला शाल आणि नारळ. त्यानंतर कंबरेचे पट्टे आले, मग मलम, मग रक्तदाबाच्या गोळ्या. कोणती डबी कोणाची हे मी वर चिकटपट्टी लावून लिहायचे. लालबागच्या मैदानात आम्ही उतरलो की प्रेक्षक खूश व्हायचे.

"काका, घाई नाय! अख्खे तीस सेकंद आहेत!"

"पकडू नका रे त्यांना! हाताला धरून लाइनीपर्यंत सोडून या!"

गेल्या मोसमाआधी डॉक्टरांनी कर्णधाराला गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलं. तो हलेना. संघात मोजून सात जण उरले होते, आणि सातांच्या खाली मैदानात उतरू देत नाहीत.

"मॅडम, एक माणूस आणून द्या. एकच. त्याला कोपऱ्यात उभा करतो आणि दुसऱ्या दिवशी ॲडमिट होतो."

मी साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "आधी निकाल दाखवा, मग भरतीचं बघू." एवढंही ते आजवर बोलले नव्हते. कर्णधार गुडघ्याला पट्टा आवळून सरावाला लागला.

पहिली लढत जुन्या प्रतिस्पर्ध्यांशी होती. त्यांच्याही कंपनीत भरती बंद. ते सहाच आले. सातव्याची पाठ घरातून निघताना जिन्यातच धरली होती. त्यांचे व्यवस्थापक माझ्याजवळ येऊन म्हणाले, "टॅक्सीत आडवा घालून आणणार होतो हो, पण तो बसेना आणि झोपेना." पंचांनी आम्हाला पुढे चाल दिली. दुसऱ्या फेरीतल्या संघाच्या ऑफिसात ऑडिट निघालं, तो आलाच नाही. पुन्हा पुढे चाल. एकही चढाई न करता आम्ही उपांत्य फेरीत.

तिथे मात्र समोर तरणी पोरं होती. त्यांनी आमचा अख्खा संघ इतक्यांदा बाद केला की शेवटी प्रेक्षकांनी टर उडवणंही सोडलं. कर्णधाराने एक घोटा धरला. एक गुण मिळाला, आणि बाहेर येताना त्याचा हात माझ्या खांद्यावर होता.

अहवालात मी सगळं लिहिलं, दोन लढती झाल्याच नाहीत हेही. साहेबांनी वरची ओळ वाचली. सूचना फलकावर संघाचा फोटो लागला, खाली ठळक अक्षरात 'उपांत्य फेरीत धडक'. मला बोलावून घेतलं.

"बघा, आहे त्या माणसांत जमतंय की! भरती कशाला हवी?"

"सर, दोन लढती आम्ही खेळलोच नाही."

"तेच म्हणतोय मी. न खेळता इथवर आलात, तर खेळून कुठे जाल!"

कँटीनमध्ये कर्णधाराला हे सांगितलं. त्याने चहा संपवला.

"पहिल्याच फेरीत हरलो असतो तर?"

"तर म्हणाले असते, संघच बंद करा."

"म्हणजे जमलं म्हणायचं आपल्याला," तो म्हणाला आणि टेबलाला धरून उठला.

त्याच आठवड्यात त्याच्या बायकोचा फोन आला. "ताई, तुम्ही सगळ्यांची यादी ठेवता ना? मग त्यात यांचा गुडघापण लिहा. ते तुमचंच ऐकतात." मी लिहिला, सगळ्यात वर. परळच्या हॉस्पिटलात तारीख घेतली, मिळाली ती या मोसमाच्या तोंडावरची, आणि त्या दिवशी त्याला स्वतः सोडून आले, नाहीतर तो वाटेत सरावाला उतरला असता.

त्यामुळे या मोसमात आम्ही सहा. पहिल्या फेरीत समोर पुन्हा तेच जुने प्रतिस्पर्धी आले. या वेळी त्यांनी पुण्याच्या शाखेतून कोणाला तरी बोलावून सात पुरे केले होते. पुढे चाल त्यांना मिळाली. कर्णधार कुबडी घेऊन आला होता, खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होता.

परवा त्यांच्या व्यवस्थापकांचा फोन आला. तेही पोहोचले, उपांत्य फेरीत. आवाजात आनंद मावत नव्हता. आता त्यांच्या साहेबांकडे दोन नव्या खेळाडूंची मागणी करणार म्हणाले.

"अभिनंदन," मी म्हटलं. "फक्त फोटो बोर्डावर लावू देऊ नका."