भावाच्या पिल्सनरला किती गुण

मला एका जागी बसता येत नाही. त्यात त्या बिअरच्या ठिकाणच्या खुर्च्या उंच, पाय नुसते लोंबकळत राहतात. त्या दिवशी ऑफिसातून हाफ डे टाकून मी लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात, धाकट्या भावाने बनवलेली बिअर चाखायला गेले होते. पर्स टेबलावर ठेवली, मग मांडीवर घेतली, मग परत टेबलावर. फोन उघडला, बंद केला. समोरच्या टॉवरचं काम चालू होतं आणि काचेतूनसुद्धा तो खडखडाट डोक्यात जात होता.

भाऊ तिथे बिअर बनवतो. औषध कंपनीतली बरी नोकरी सोडून तो बंगळुरूला हे शिकायला गेला तेव्हा आमच्या नातेवाइकांनी तोंडात बोटं घातली. आई मात्र लालबागच्या खोलीत भाजी निवडता निवडता एवढंच म्हणाली होती, "कायतरी शिजवतलोच मां? मग झालां." ती गेली त्याला आता वर्ष होत आलं होतं.

मालकाला आंब्याची, लिचीची असली गोड बिअर हवी असते, कारण ती खपते. भावाला पिल्सनर करायची होती. महिनोन्महिने मागे लागून त्याने एक टाकी पदरात पाडून घेतली, पण अट पडली. त्या संध्याकाळी मालक चाखणार. आवडली तर पिल्सनर कायमची मेन्यूवर आणि भावाची नोकरी पक्की. नाही आवडली तर त्याने दुसरीकडे बघायचं. अट हसत हसत घातली होती, पण घातली होती.

त्याआधी त्याला माझे गुण हवे होते. मी सगळ्याला दहापैकी गुण देते, आमटीला, लग्नातल्या जेवणाला, जावेच्या मोदकांना. सहाच्या वर कोणी गेलेलं नाही. नवरा म्हणतो, हिला बोर्डात घेतलं तर निकालच लागायचा नाही. बिअर मी अधूनमधून पिते. सासरी ते माहीत आहे, फक्त बोललं जात नाही.

"ताई, इथे सगळे मस्त मस्त करतात," भाऊ ग्लास ठेवत म्हणाला. "तू खरं सांग."

पिल्सनर म्हणजे काय ते त्याने आधी फोनवर समजावलं होतं. दिसायला सगळ्यात साधी, म्हणून करायला सगळ्यात अवघड, कारण लपवायला काहीच नाही. रंग फिका सोनेरी, चव स्वच्छ, शेवटी जिभेवर नेमका कडवटपणा, आणि लगेच दुसरा घोट घ्यावासा वाटला पाहिजे.

मी पहिला घोट घेतला आणि आवडली. इतकी आवडली की मला स्वतःचाच संशय आला. दुसरा घेतला. रंग होता, कडवटपणा होता, फेस छान उभा होता. पण त्यात आणखी काहीतरी होतं, मऊ, ओळखीचं, जे तिथे असायला नको होतं. मी ग्लास घेऊन उठले. टाक्यांपर्यंत गेले, परत आले. भाऊ माझ्या तोंडाकडे बघत होता.

"काय झालं? बस ना."

"गप रे. मला विचार करू दे."

तिसऱ्या घोटाला कळलं. आई आठवडाभराची साय साठवायची, विरजण लावायची आणि रविवारी लोणी काढून कढवायला ठेवायची. तूप व्हायच्या आधी, लोणी नुसतं विरघळत असताना जो वास सुटायचा, तो तिथे त्या ग्लासात होता. आई गेल्यापासून दोन्ही घरांत तूप दुकानातून येतं. तो वास मला वर्षभर आला नव्हता.

त्या क्षणी मला त्या बिअरला नऊ द्यावेसे वाटले. अगदी मनापासून. पण संध्याकाळी मालक येऊन बसणार होता आणि त्याला आमच्या आईशी काही देणंघेणं नव्हतं.

"आई लोणी कढवायची ना," मी म्हटलं, "तो वास येतोय."

भावाचा चेहरा उतरला. त्याने माझ्या हातातला ग्लास ओढून घेतला, हुंगला, डोळे मिटून परत हुंगला. मग म्हणाला की हा दोष आहे, पुस्तकातला, पहिल्या आठवड्यात शिकवतात तो. मालकाची घाई होती म्हणून त्याने टाकी लवकर थंड केली होती. कोर्समध्ये हाच वास बाटलीत घालून हुंगवला होता आणि सांगितलं होतं, मल्टिप्लेक्सच्या पॉपकॉर्नचा वास, लक्षात ठेवा. म्हणून भाऊ चवीत पॉपकॉर्नच शोधत राहिला.

"रोज चाखत होतो गं," तो म्हणाला. "रोज वाटायचं, जमलीय. प्यायल्यावर इतकं बरं वाटायचं."

मला जे येतं ते बोलले. "दहापैकी चार."

मालक आला तेव्हा भावाने ग्लास पुढे केलाच नाही. "आज नहीं, सर. गलती मेरी है. थोडा टाइम चाहिए." मालक चिडला. "यार, मैंने लोग बुलाए हैं." मी पर्सची चेन उघडबंद करत उभी होते. शेवटी तो म्हणाला, "एक हफ्ता. फिर टंकी खाली."

टाकी थोडी गरम ठेवायची आणि ताजं, जोमात आलेलं यीस्ट घालायचं, भावाने मला दारापर्यंत सोडताना सांगितलं. "यीस्टच तो वास खाऊन टाकतं." मी मान हलवली. रिक्षा तिथे मिळत नाही, टॅक्सी थांबेना, म्हणून तरातरा चालत सुटले.

तो आठवडा मी घरात सगळ्यांवर खेकसत काढला. मालकाने पिल्सनर चाखली, दुसरा ग्लास स्वतःहून मागितला आणि मेन्यूवर आंब्याच्या बिअरशेजारी तिचं नाव लागलं. भावाचा फोन आला, ताई ये. मी गेले. बिअर पाण्यासारखी स्वच्छ होती, कडू, नेमकी. मी ग्लासात नाक घालून बराच वेळ हुंगत राहिले. काही नव्हतं.

"आठ," मी म्हटलं.

भाऊ ओरडलाच. आठ म्हणजे आमच्या घरातला विक्रम. मग हसत, नेहमीच्या हावरटपणाने विचारलं, "दोन कशाचे कापलेस?"

"फेस लवकर बसतो," मी सांगितलं.

त्याने ग्लासाकडे बघितलं. फेस अजून तसाच उभा होता. मग त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "हो. बसतो खरा."