काकांच्या खिडकीतला सूर्योदय

जेवण झाल्यावर सुमेधा कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीतच मान टेकते. पाचच मिनिटं, असं स्वतःला बजावते. पण वामकुक्षीची पाच मिनिटं कधी कुणाची पाच राहिली आहेत? मिटत्या डोळ्यांना स्क्रीनवरच्या दोन काळ्या खिडक्या दिसत राहतात. डावीकडची तिची, आज सकाळी उघडलेली. उजवीकडची त्रिंबककाकांची. काकांना जाऊन पाच महिने झाले, पण ती बंद करायला तिचा हात धजावलेला नाही. इन्व्हर्टरच्या जिवावर ती अजून चालू आहे.

काका पंचांगकर्ते. पासष्टाव्या वर्षी कॉम्प्युटरकडून पंचांगाचं गणित करून घ्यायला शिकले आणि त्यावर लट्टू झाले. काळ्या खिडकीत एक ओळ लिहायची, एंटर मारायचं, लगेच उत्तर. पुन्हा ओळ, पुन्हा उत्तर. आणि जे सांगाल ते बंद होईपर्यंत तिच्या लक्षात राहतं. "बायकोसुद्धा इतकं ऐकत नाही," असं ते काकूंसमोर म्हणायचे आणि दुपारच्या चहाला मुकायचे.

यंदाचं पंचांग सुमेधाचं, पहिलंच, आणि घोडं पेंड खातंय एका तिथीपाशी. मालवणजवळच्या त्यांच्या गावात देवीची जत्रा मार्गशीर्ष वद्य पंचमीला, म्हणजे सूर्योदयाला पंचमी असेल त्या दिवशी. सुमेधाची खिडकी म्हणते गुरुवार, काकांची म्हणते शुक्रवार. चुकलं तर पालखी भलत्याच दिवशी निघेल आणि मुंबईहून आलेले चाकरमानी तिचा नावानिशी उद्धार करतील. काकांपुढे आपण कोण, म्हणून सकाळी तिने छापखान्याला शुक्रवार कळवूनही टाकलाय. संध्याकाळी छपाई सुरू होणार आहे.

"दमलीस गो?"

काका शेजारच्या स्टुलावर बसलेले आहेत. अंगात बंडी, चष्मा कपाळावर. ते गेलेत हे तिला ठाऊक आहे, पण त्याचं काही विशेष वाटत नाही. आनंद मात्र इतका होतो की डोळे भरून येतात.

"काका, गुरुवार की शुक्रवार?"

"मला काय विचारतेस? सूर्याला विचार."

ते स्टूल सरकवतात आणि दोघं गच्चीवर उभी आहेत. पहाट आहे. खाली खाडी, होड्या, चिखलाचा ओळखीचा वास. काकांच्या हातात घड्याळ.

"चतुर्थी संपते कधी?"

"सहा एकोणपन्नासला."

"आणि हा बघ, आला."

सूर्य वर येतो. घड्याळात सहा त्रेचाळीस. चतुर्थीची अजून सहा मिनिटं शिल्लक आहेत, म्हणजे गुरुवार चतुर्थीचा, पंचमी शुक्रवारी. काकांचंच बरोबर. सुमेधाला हायसं वाटायला हवं, पण वाटत नाही. या गच्चीवरून तिने तीस वर्षं डिसेंबरातला सूर्य पाहिलाय. तो इतक्या लवकर कधी येत नाही.

ती वाकून बघते. खाडीच्या पाण्यात रांगेने संत्र्याची झाडं उभी आहेत, फळांनी लगडलेली.

"काका, हा आपला सूर्योदय नाही."

"असं म्हणतेस?"

"नाहीच मुळी. कुठे आणलंत मला?"

काका चष्मा डोळ्यांवर ओढतात. "मला कुठलं आठवायला! खिडकीला आठवत असेल. नुसतं नाव लिही नि एंटर मार. तिला कुणाची भीड नाही, सुमे. तूही धरू नकोस."

"पण तुम्ही चुकलात, असं मी कसं म्हणू?"

"तोंडाने म्हण." ते मनापासून हसतात. "मेलेल्या माणसाचा मान कसला ठेवतेस? देवीचा ठेव."

तिची बोटं की-बोर्डवर आहेत. गच्चीचा कठडा की-बोर्डच आहे.

मान अवघडून ती जागी होते. चार वाजलेत. काकांच्या खिडकीत सकाळी नसलेली एक ओळ आहे, आणि खाली खिडकीचं उत्तर:

गाव
'नागपूर'

सुमेधा बघतच राहते. काकांच्या नागपूरच्या लेकीकडे बारसं होतं, काकांनी नातवासाठी मुहूर्त काढला होता. त्याच आठवड्यात ते आजारी पडले. गाव परत बदलायचं राहूनच गेलं, आणि खिडकी पूर्वेकडच्या नागपूरचा लवकरचा सूर्य धरून बसली; इथे तो उगवेपर्यंत चतुर्थी संपलेली असते. तिला हसू येतं आणि त्याच दमात रडूही येतं. मग पदराने चेहरा पुसून ती छापखान्याला फोन लावते.

"जत्रा गुरुवारी. शुक्रवार खोडा."

"अहो ताई, काकांचं गणित बघितलंत ना?"

"बघितलं. चुकलंय. पंचांगावर नाव माझं आहे, गुरुवार घाला."