शांताच्या पोटाला लावलेला कान

रिठदच्या आमच्या शाळेत शरीराचं मॉडेल आलं. खोक्यातून प्लास्टिकचा वास आला. मी त्यातलं जठर हातात घेतलं आणि सातवीतला माझा वर्ग आठवला.

तेव्हा मॉडेल नव्हतं. पचनसंस्था शिकवताना सरांनी शांताला उभं केलं, कारण तीच सगळ्यांत हडकुळी होती. मला म्हणाले, "तिच्या पोटाले कान लाव. काय ऐकू येऊन राह्यलं?"

तिच्या विटक्या फ्रॉकाआडून गुरगुर ऐकू आली. मी ऐटीत म्हणाले, "सर, आत कोणीच नाई."

वर्ग हसला, सरही हसले. शांता फक्त माझ्याकडे पाहत राहिली. त्याच सकाळी ती पीठ मागायला आमच्या दारात आली होती. आई चुलीपाशी भाकरी थापत असताना मी तिला हेच सांगितलं होतं, आत कोणीच नाई.