तीनशे बारा मीटर

माझ्या थोरल्या भावाने आयुष्यात कधी काटा मारला नाही आणि या खरेपणानेच त्याचा घात केला. हे मी रागाने लिहिते आहे, ते आधीच सांगून टाकते. ज्याला शांत डोक्याने लिहिलेलं हवं असेल त्याने अपंग सहाय्य कार्यालयाचा वार्षिक अहवाल वाचावा.

दादा वजनकाटे दुरुस्त करायचा. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचं जेमतेम एका माणसाच्या बैठकीचं दुकान होतं. धान्यवाले, भंगारवाले, सोनार, सगळे त्याच्याकडे यायचे. एखादा दुकानदार हळूच म्हणायचा, "काटेवाले, किलोमागे वीस ग्रॅम इकडे सरकवा की, कुणाला कळतंय?" दादा त्याच्याकडे नुसता बघायचा, काटा परत त्याच्या हातात द्यायचा आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायचा.

आई-वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. त्यानेच मला वाढवलं, माझं लग्न लावलं, आणि लग्न मोडून परत आले तेव्हा काही न विचारता माझी ट्रंक आत घेतली. मी जगाला फाडून खाते, पण दादापुढे माझी जीभ रेटत नाही.

पन्नाशी उलटली आणि त्याला नसांचा आजार जडला. आधी पायांत मुंग्या, मग पाय जड, मग हातांतून वस्तू निसटायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, यावर औषध नाही आणि सगळे दिवस सारखे जाणार नाहीत. तसंच झालं. महिन्यातले दोन-तीन दिवस तो भिंतीला हात न लावता खिडकीपर्यंत जायचा. बाकीच्या दिवशी कूस बदलायलाही माणूस लागायचं. दुकान बंद केलं. अपंग सहाय्य कार्यालयाने त्याला पात्र ठरवलं आणि रोज सकाळी दोन तास एक मदतनीस दिली.

तिला आम्ही पहिलवान म्हणायचो. दंड असे की दादाला गादीवरून उशीसारखा उचलायची. मी हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात कामाला आहे. पहाटे साडेपाचला घर सोडते ते तीनला परतते. पहिलवान आठला यायची, त्याला न्हाणीघरात न्यायची, अंघोळ घालायची, दाढी करायची, धुतलेला शर्ट घालून खिडकीशी खुर्चीत बसवायची. "काटेवाले, आज दोन किलो वाढलात, रात्री उठून चोरून खाता काय?" असं म्हणून त्याला हसवायची. मी तीनला आले की खुर्चीत एक स्वच्छ माणूस बसलेला दिसायचा. ती नसती तर तो साडेपाचपासून तीनपर्यंत ओल्या अंथरुणात पडून राहिला असता. गोष्ट एवढीच होती आणि एवढी मोठी होती.

मग ती बातमी आली. कार्यालयाचा नवा प्रमुख टीव्हीवर म्हणाला, खऱ्या गरजूंच्या ताटातलं खोटे लोक खाताहेत, सगळ्यांची फेरतपासणी होईल. धुलाईखान्यातल्या बायकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, खोटं कशाला बोलू. आपल्या घरात कोण खोटं आहे?

फॉर्म चौदा पानांचा होता. सहाव्या पानावर प्रश्न होता : आधाराशिवाय जास्तीत जास्त किती अंतर चालू शकता? मी पेन उघडलं. "वीस मीटर लिहिते," म्हटलं.

"मोजलंस का?" दादा म्हणाला.

"अरे, रोज दिसतंय की."

"दिसण्यावर कधी माप देतात का? काट्यावर क्षमतेची पाटी असते. त्याला जास्तीत जास्त जे पेलतं तेच तिथे लिहायचं. दुकानदार रोज तेवढं ठेवतो का? नाही ठेवत. पण पाटीवर कमी लिहिलं तरी ती खोटीच."

बारा दिवस तो चांगल्या दिवसाची वाट बघत राहिला. तो रविवारी उजाडला. गल्लीतल्या विजेच्या खांबाखांबांमध्ये टेप धरत मी मागे, तो पुढे. दर पावलाला मांडी थरथरत होती. चहाच्या टपरीवरचे लोक उठून उभे राहिले. बेकरीच्या कोपऱ्यावर त्याने हात वर केला आणि मी त्याला मिठीत धरून खाली बसवलं. तीनशे बारा मीटर. घामाने निथळत होता आणि कित्येक वर्षांत दिसला नव्हता इतका खूश दिसत होता. तिथून त्याला हातगाडीवर घालून घरी आणलं. पुढचे चार दिवस त्याला मान उचलता आली नाही.

फॉर्मवर मी तीनशे बारा लिहिलं. चार दिवसांचं लिहायला चौकट नव्हती. कडेला लिहू का विचारलं, तर म्हणाला, "विचारलंय तेवढंच लिही."

दीड महिन्याने पत्र आलं. दोनशे मीटरच्या वर चालणारी व्यक्ती सक्षम समजली जाते, सबब मदतनीस बंद. त्याच आठवड्यात पेपरात छापून आलं की तपासणीत अकरा हजार लोक 'सुधारलेले' आढळले. औषध नसलेल्या आजारातून एका फेरतपासणीत अकरा हजार माणसं बरी करणारा हा वैद्य कोण, मला एकदा त्याचे पाय धरायचे आहेत.

आम्ही अपील केलं. निकाल लागेपर्यंत पहिलवान येत होती. सुनावणीला तिनेच दादाला चाकाच्या खुर्चीतून ढकलत नेलं. दारात दादाने मला थांबवलं. "हे बघ, आत रडगाणं गायचं नाही. विचारतील तेवढंच सांगायचं. शपथ आहे तुला."

आत एक प्रौढ अधिकारी होते. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी सहावं पान काढलं.

"हा आकडा तुम्हीच दिलात?"

"हो. टेपने मोजून."

"आधाराशिवाय?"

"आधाराशिवाय."

अधिकाऱ्यांनी खुर्चीकडे पाहिलं, त्याच्या पायांकडे पाहिलं. मग पेन खाली ठेवून माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही घरच्या. यात तुम्हाला काही सांगायचंय का? सांगायचं असेल तर आत्ताच सांगा."

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. चार दिवस, ओली चादर, हातगाडी. दादाने माझ्याकडे पाहिलं. वीस ग्रॅम सरकवायला सांगणाऱ्या दुकानदाराकडे तो जसा बघायचा, तसंच.

"नाही," मी म्हणाले. "आकडा बरोबर आहे."

अपील फेटाळलं. पहिलवानला शहराच्या दुसऱ्या टोकाला काम दिलं. तरी दोन रविवार ती येऊन गेली. मी पाळी बदलून मागितली तर मुकादम म्हणाली, दोन महिने थांब. मी पहाटे उठून त्याला पुसायची, पाणी आणि लघवीचं भांडं हाताशी ठेवायची आणि बसमध्ये बसून कार्यालयाला शिव्या घालायची. तिसऱ्या आठवड्यात त्याच्या हातून भांडं सांडलं. तसाच पडून राहिला असता तर बरं झालं असतं, पण त्याला लाज वाटली. तो न्हाणीघराकडे निघाला आणि उंबऱ्यातच पडला. सकाळी नऊला पडला आणि मी आले तीनला. शेजाऱ्यांना हाक का मारली नाहीस, विचारलं, तर म्हणाला, "ओले काढून टाकले होते, अंगावर कपडे नव्हते गं."

खुब्याचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, आता हा उभा राहणार नाही. कार्यालयातून एक मुलगी हॉस्पिटलमध्ये आली, खाटेशी बसून तिने नवा फॉर्म भरला आणि अंतराच्या चौकटीत स्वतःच शून्य घातलं. आठ दिवसांत मंजुरी आली. आता दोन मदतनीस येतात, एक सकाळी, एक संध्याकाळी. दोघीही चांगल्या आहेत. दादा त्यांच्याशी हसत नाही.

परवा त्याला पाणी पाजताना मी विचारलं, "दादा, सुनावणीतला तो साहेब आज परत भेटला तर काय सांगशील?"

"तेच सांगेन. मला दुसरं येत नाही."

मी पेला खाली ठेवला. तो भिंतीकडे बघत होता.

"पण तू सांगायला हवं होतंस," तो म्हणाला.