न बसणारी कॉलर आणि अडलेला कर्नल

नंदाताई, गुडघा आता जिना चढू देतो का? दत्तूभाऊ, खोकला गेला? आणि विलास, डोळ्याची पट्टी निघाली असेल तर हे तूच वाच, सुनेला वाचायला लावू नकोस...

काल जव्हारला कपाट आवरताना जुन्या प्रिंटआउटचा गठ्ठा हाती लागला. ऐंशीच्या दशकाच्या अखेरचा असेल. तेव्हा मी ठाण्यात एका छोट्या कंपनीत होतो, कॉलेजची पायरी न चढता उसन्या पुस्तकांवर प्रोग्रामिंग शिकलेला.

मशीनचा कर्नल, म्हणजे सगळ्या प्रोग्रामना मेमरी वाटून देणारा कारभारी. त्यात मी बदल केला आणि बिल्ड, म्हणजे सगळ्या फाइलमधून चालता प्रोग्राम तयार करणंच, अडलं. कोड तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर एकाच ओळीवर बोट ठेवून बसला. साहेब म्हणाले, "सोमवारी झालं नाही तर काम डिग्रीवाल्याकडे जाईल." मग माझं काय, हे विचारायची हिंमत झाली नाही.

शनिवारी हेच कागद घेऊन एसटीने जव्हारला घरी आलो. रविवारी दुपारपर्यंत ती ओळ नऊ वेळा लिहून खोडली...

शेजारचे गफूरमास्तर ओट्यावर शाळेचे शर्ट शिवत होते. "कागदाकडे बघून पोट भरतं का? या, कॉलर धरा." कॉलर काही गळ्याला बसेना. मी म्हटलं, उसवून पुन्हा शिवा.

"शिवणीचा काय गुन्हा?" मास्तरांनी मापाच्या दोन चिठ्ठ्या काढल्या, एक गळ्याची, एक कॉलरची. गळा पुन्हा मोजल्यावर नवं माप गळ्याच्या चिठ्ठीवरच लिहिलं होतं, कॉलरच्या चिठ्ठीवर जुनंच. "भाई, कापलंय दोन्ही बरोबर. मापंच दोन झाली."

मी कॉलर ठेवून पुन्हा कागद उचलले... मेमरीचं पान, म्हणजे तिचा एक तुकडा, देणारं फंक्शन आता पत्ता परत देतं, असं मी कोडमध्ये लिहिलं होतं. पण बाकी फाइल ज्या हेडर फाइलवरून त्याची ओळख घेतात, तिथे अजून ‘साधा आकडा देतं’ असंच लिहिलेलं! ओरडा एका फाइलमध्ये, चूक दुसरीत.

सोमवारी हेडर बदललं, तर आणखी चार फाइल बोंबलल्या. त्यांनीही जुनंच माप धरलेलं. खुर्ची सोडली नाही, एकेक जुळवत गेलो. दुपारच्या चहाला बिल्ड पार पडलं आणि मशीन सुरू झालं. साहेब दोनदा स्क्रीन बघून गेले... काम माझ्याकडेच राहिलं.

पुढच्या रविवारी मास्तरांकडे पेढे घेऊन गेलो. "चाललं ना यंत्र? मग बसा, एवढ्या बाह्या उसवा."

बसलो. आभार मानायचे राहिले ते राहिलेच, आता मास्तर नाहीत. त्यांच्या घरचं कुणी हे वाचत असेल तर दोन ओळी लवकर लिहा... वाट बघतोय.