मधलं इंजिन बंद

नसीमचा फोन आला तेव्हा मी अमरावतीच्या राजापेठेत औषधाच्या दुकानासमोर उभा होतो. शिकवणीचे वर्ग नुकतेच सुटले होते, रस्ताभर दुचाक्या, त्यामुळे तिचं पहिलं वाक्य ऐकूच आलं नाही. दुकानाच्या पायरीवर चढून कानावर हात धरला तेव्हा ती परत म्हणाली, "चाचा, अब्बा गेले." नसीम ही हबीब मिस्त्रींची एकुलती मुलगी, अकोल्यातल्या एका शाळेत शिकवते. दुपारी जेवले, पान मागितलं, ती पान घेऊन येईपर्यंत खाटेवर आडवे झाले होते, ते तसेच. मी विचारलं, त्रास झाला का गं... ती म्हणाली, "नाही चाचा. चेहरा अगदी रोजचा होता." त्या वाक्यानं मला त्या दिवशी पुष्कळ सांभाळलं. मिळाली ती बस पकडून मी अकोल्याला गेलो, मातीला पोचलो. त्याला आता दीड महिना होऊन गेला. ब्याऐंशी वर्षांचं भरलेलं आयुष्य. त्यावर गळा काढणं त्यांना आवडलं नसतं, आणि खरं सांगायचं तर मलाही तसं वाटत नाही. ज्या माणसानं आपल्याला एवढं दिलं, त्याच्याविषयी लिहायला बसलं की मन आपोआप प्रसन्न होतं.

अकोल्यात आणि आसपासच्या गावांत ते डिझेल मिस्त्री म्हणून माहीत होते. विहिरीवरची इंजिनं, पिठाच्या गिरण्या, जिनिंगची धुडं, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. मी मात्र त्यांना वेगळ्याच कारणानं ओळखत होतो. माझ्या पीएचडीचा अर्धा गुरू हा माणूस होता, आणि माझा विषय होता दुसऱ्या महायुद्धात उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रात जर्मनांनी चालवलेल्या वेगवान टॉर्पेडो बोटी. वऱ्हाडातल्या इतिहासाच्या मास्तरला हा विषय कुठून सुचला, असं लोक आजही विचारतात. तरुणपणी हौसेनं जर्मन शिकलो होतो, त्या भाषेचं काहीतरी करायचं होतं, आणि त्या बोटींच्या त्या भागातल्या दिवसांवर फारसं कोणी लिहिलेलं नव्हतं. एवढंच. समुद्र मी तोवर पाहिलेलासुद्धा नव्हता.

त्या वेळी मी अकोल्यात एका महाविद्यालयात नोकरीला होतो आणि हबीबभाईंच्या वर्कशॉपच्या वरची खोली भाड्यानं घेतली होती. खाली दिवसभर ठोकाठोक आणि धूर, वर मी आणि जर्मनीतल्या एका अभिलेखागारातून मागवलेल्या छायाप्रतींचे गठ्ठे. युद्धकाळातल्या रोजनिशा आणि एका बोटीच्या इंजिनघराची नोंदवही. रोजनिशीची भाषा मला समजायची. इंजिनघराच्या वहीपुढे मात्र शब्दकोश हात टेकायचा. थंड करणाऱ्या पाण्याचा पंप, असा अर्थ शब्दकोशानं दिला, पण तो पंप कसा असतो, कुठं बसतो, तो बंद पडला तर काय होतं, हे मला कोण सांगणार? एका दुपारी कागद घेऊन खाली उतरलो. हबीबभाई एका इंजिनाच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून बसले होते.

"पंप पाह्यचा हाये? कोनतं इंजिन आनलं तुमी?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"आणलं नाही. जहाजावरचं आहे. जर्मनीच्या."

"मंग सध्या कुठं हाये थे?"

"बहुतेक समुद्राच्या तळाशी."

त्यांनी हात बाहेर काढला, चिंधीला पुसला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "बसा सर," ते म्हणाले. "आतापर्यंत मले असं गिऱ्हाईक भेटलं नव्हतं."

त्या दिवसापासून रोज दुपारचा चहा आम्ही बरोबर घ्यायला लागलो. मी वाचायचो, मराठीत सांगायचो, आणि ते समोरचं एखादं उघडं इंजिन दाखवून समजावायचे. त्या बोटी हलक्या आणि अतिशय वेगवान होत्या; अंधारात किनाऱ्याजवळून झपकन जायचं, टॉर्पेडो सोडायचा आणि पळून यायचं, यासाठी बांधलेल्या. नॉर्वेच्या उत्तर टोकाला नेल्यावर त्यांचं सगळं गणितच चुकलं. उन्हाळ्यात तिथं सूर्य मावळत नाही, म्हणजे लपायला अंधार नाही. हिवाळ्यात अंधारच अंधार, पण समुद्र असा की उडालेलं पाणी बोटीवर पडता पडता गोठायचं. खलाशी कुऱ्हाडींनी बर्फ फोडत बसायचे, नाहीतर त्या वजनानंच बोट कलंडायची. इंजिनाचं तेल आधी गरम केल्याशिवाय ते सुरूच व्हायचं नाही. हे ऐकून अकोल्याच्या उन्हाळ्यात, अंगातून घामाच्या धारा वाहत असताना, हबीबभाई म्हणाले, "आपल्या इथं इंजिन थंड ठेवता ठेवता जीव जाते, अन् थ्या लोकायचा गरम ठेवता ठेवता." मग त्यांनी विचारलं, "पन सर, थे कोनाले माराले जात होते?" मी सांगितलं, रशियाला मदत घेऊन जाणाऱ्या जहाजांना. हिटलरच्या बाजूनं. ते म्हणाले, "म्हनजे काम वाईट होतं," आणि पुढचं पान उलटायची खूण केली. त्यांनी ती गोष्ट नंतर कधी विसरू दिली नाही. इंजिनाचं कौतुक करतानासुद्धा "काम वाईट, मशीन अव्वल" असंच म्हणायचे.

माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण असं होतं की थंडीत ही इंजिनं टिकली नाहीत, म्हणून त्या मोहिमा फसल्या. त्याचा मुख्य पुरावा एका बोटीची एक नोंद. तीन इंजिनांची बोट, हिवाळ्यातला दिवस, समुद्र भयंकर खवळलेला, बोटीवर बर्फ साचत चाललेला, आणि मग, "मधलं इंजिन बंद. पाण्याचा पंप जाम. मागं फिरलो." अशा बिघाडावर परत यायची मुभा होती, नुसत्या वादळाला भिऊन परत येणं महागात पडलं असतं. बोट बंदराला लागली, सगळे सुखरूप उतरले. मी हे प्रकरण लिहून पूर्ण केलं होतं, नागपूरच्या माझ्या मार्गदर्शकांनी वाखाणलंही होतं. आनंदानं ते हबीबभाईंना वाचून दाखवलं. वाचता वाचता शेजारच्या तक्त्यातले आकडेही सांगितले, कारण त्यांना आकडे आवडायचे. तासातासाला इंजिनातल्या पाण्याचं तापमान लिहिलेलं होतं.

"परत वाचा," ते म्हणाले. मी परत वाचलं. त्यांनी चहाचा कप बाजूला ठेवला.

"सर, हा पंप जाम झाला नाई."

"असं लिहिलंय ना इथं."

"लिहू द्या. पंप जाम झाला हे मिस्त्रीले समजते कशानं? पानी फिरनं बंद होते, इंजिन तापते, काटा वर जाते. मंग थो इंजिन बंद करते. इथं काटा वर गेलाच नाई. जसा होता तसा होता, अन् मंग उतरत गेला. म्हनजे चांगलं चालतं इंजिन कोनीतरी हातानं बंद केलं."

मी म्हटलं, आकडे लिहिण्यात चूक झाली असेल. ते म्हणाले, दुसऱ्या दिवशीचं वाचा. दुसऱ्या दिवशी वारा पडला होता, आणि तीच बोट तिन्ही इंजिनांवर बाहेर गेली होती. मधे पंप खोलल्याची नोंद नाही, भांडारातून नवा पंप घेतल्याची नाही. मी ही पानं दहा वेळा वाचली होती. माझा चेहरा पडला असावा, कारण हबीबभाई एकदम मऊ आवाजात म्हणाले, "थ्यानं कारन खोटं लिहिलं, पन आकडे खरे लिहिले. मिस्त्री होता थो. हातानं खोटा आकडा लिहिताच नाई आला थ्याले."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी आजवर कुठं लिहिलेलं नाही. नसीमला विचारून आज लिहितो आहे. तरुणपणी ते दर्यापूरकडच्या एका जिनिंगमध्ये इंजिनावर होते. कापसाचा भर हंगाम, फाटकापासून गाड्यांची रांग. इंजिनाचा पट्टा ज्या लोखंडी दांड्यावर फिरायचा, त्या दांड्याचा भिंतीतला आधार हलायला लागला होता, आणि त्याच्याच खाली सरकी वेचणाऱ्या बाया बसायच्या. हबीबभाईंनी मालकाला दोनदा सांगितलं. मालक म्हणाला, हंगाम संपू दे. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डिझेलचा कॉक बंद केला, इंजिन थांबलं, आणि सांगितलं की डिझेल फवारणारं नोझल गेलं, अकोल्याहून आणल्याशिवाय भागत नाही. सायकलवर अकोल्याची वाट धरायची ती सोडून गावातल्या गवंड्याला घेऊन मागच्या दारानं आले, आणि दिवसभरात तो आधार पक्का बसवून घेतला. कोणालाही पत्ता लागला नाही. कोणाला काही झालंही नाही.

"मग तुम्ही चांगलंच केलं की," मी म्हणालो.

"केलं. पन चांगल्या इंजिनाले मी खराब म्हनलं, सर. माह्या उस्तादानं मले पहिल्या दिवशी सांगतलं होतं, मशीनविषयी खोटं बोलशीन तर हे काम सोडून दे. तीस वर्षं थे मनात हाये. नसीमच्या आईलेही नाई सांगतलं." त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला. जर्मन अक्षर त्यांना वाचता येत नव्हतं, पण तक्ता कुठं आहे ते माहीत होतं. त्या आकड्यांवरून त्यांनी बोट फिरवलं. "हा कोन होता, कुठला होता... थ्याच्या बोटीवर किती जन असतीन?"

"वीस-पंचवीस."

"अन् ज्या जहाजाले मारनार होते, थ्याच्यावर?"

"त्याहून जास्त."

"मंग बरं केलं थ्यानं," हबीबभाई म्हणाले, आणि थंड झालेला चहा एका घोटात पिऊन कामाला लागले. पण त्या दिवशी संध्याकाळी वर्कशॉप बंद करताना ते गुणगुणत होते. ते मी पहिल्यांदा ऐकलं. पुढं ती त्यांची सवयच झाली.

माझं प्रकरण मात्र पडलं. मी मार्गदर्शकांकडे गेलो, सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "आधार काय?" मी म्हणालो, अकोल्याचे एक डिझेल मिस्त्री. ते हसले नाहीत, पण चष्मा काढून ठेवला. म्हणाले, लिहायचं असेल तर बाकीच्या सगळ्या बिघाडांच्या नोंदीही त्याच नजरेनं तपासाव्या लागतील. एक वर्ष गेलं त्यात. घरचे म्हणत होते, आहे तसं देऊन टाका, बढती अडली आहे, एवढ्या लांबचं कोण बघायला येतं. मलाही तसं वाटायचं. पण खाली गेलं की हबीबभाई विचारायचे, "आज कोनतं इंजिन?" आणि मी गुपचूप कागद काढायचो. बहुतेक बिघाड खरेच निघाले. एकाबद्दल त्यांनी चार दिवस विचार केला आणि म्हणाले, "हे मले नाई समजत. नाई समजत असंच लिहा." मी तसंच लिहिलं.

अमरावतीला तोंडी परीक्षा झाली तेव्हा ते आले. कोणीही येऊन बसू शकतं असं मी बोललो होतो, ते त्यांनी मनावर घेतलं. पांढरा इस्त्रीचा कुर्ता, अत्तर, शेवटच्या रांगेत टोकाची खुर्ची. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडलं आणि विचारलं, "ही तळटीप. हबीब मिस्त्री, अकोला. हे कोण?" मी मागं हात केला. हबीबभाई उभे राहिले. परीक्षक जरा गडबडले, मग म्हणाले, "तुम्हाला इतकी खात्री कशी? तापमापकच बिघडला असेल."

"शेजारच्या दोन इंजिनायचे काटे पाह्यले ना साहेब," हबीबभाई शांतपणे म्हणाले. "थे बरोबर चालून राह्यले होते. मधला काटा बिघडला असता तर इंजिन बंद केल्यावर असा बराबर उतरला नसता. अन् मधलं बंद केल्यावर बाकीच्या दोघायवर जोर आला, थे जरासे तापले, थेही थ्यानं लिहिलं. जो मिस्त्री शेजाऱ्याची एवढी खबर ठेवते, थ्याले आपल्या घरचा बिघडलेला काटा दिसनार नाई काय?" सभागृहात हलकंसं हसू उमटलं. परीक्षकांनी तो तक्ता पुन्हा पाहिला, बोटानं दोन्ही रकाने खाली उतरत गेले, आणि शेवटी म्हणाले, "बसा, मिस्त्रीसाहेब. धन्यवाद." परतताना हबीबभाई मला एवढंच म्हणाले, "जर्मनचं नाव नाई लिहिलं ना तुमी? बरं केलं. थ्याच्या घरी असतीन लोक. थ्यायले सांगाचं असन तर थोच सांगीन."

नंतर मी बदलून अमरावतीला आलो. हबीबभाईंनी काम कमी केलं आणि महिन्यातून एकदा बसनं आमच्याकडे यायला लागले. सज्ज्यातली वेताची खुर्ची त्यांची. ती ते भिंतीकडे तोंड करून फिरवून घ्यायचे, रस्त्याकडे पाठ. माझ्या बायकोला आधी वाटलं, यांना गर्दी आवडत नाही. पण ते ऐकत बसलेले असायचे. खालून गाडी गेली की न पाहता सांगायचे, हिचा पट्टा सैल आहे, हिला तेल कमी पडतंय, ही चांगली राखलीय कोणीतरी. बायको चहा आणता आणता थांबून ऐकायची. पैज लावायची कधीकधी, आणि हरायची.

खुर्ची अजून भिंतीकडेच तोंड करून आहे. बायकोनं ती फिरवू दिली नाही. गेल्या रविवारी मी तिच्यात बसलो, डोळे मिटले. एक टेम्पो खडखडत आला आणि समोरच्या किराणा दुकानापाशी थांबला. मी बायकोला म्हटलं, सायलेन्सर फुटलाय. ती म्हणाली, विचारा मग. मी उठून कठड्यावरून वाकलो आणि ओरडून सांगितलं, "भाऊ, सायलेन्सर पाहून घ्या एकदा."

ड्रायव्हरनं वर पाहिलं. "सायलेन्सर परवाच नवा टाकला काका," तो म्हणाला. "हे इंजिनातले टॅपेट वाजून राह्यले."

बायको हसत सुटली. मी परत खुर्चीत येऊन बसलो, भिंतीकडे तोंड करून, आणि पुढच्या गाडीची वाट पाहू लागलो.