ढगवालीनं पुसलेला कोपरा

ऑफिसात सगळे तिला ढगवाली म्हणत. उपग्रहानं टिपलेल्या तलावाच्या चित्रांतून ढग पुसायचे, काठाची जमीन पुसायची आणि उरलेल्या पाण्यात शेवाळ किती, ते नकाशावर रंगवायचं, हे तिचं काम. सासूबाई आल्यागेल्याला सांगत, "आमची सून आभाळ झाडते. घरातला केर मात्र जिथल्या तिथे!" सगळे हसत. तीही हसे.

धाकटा दीर जलशुद्धीकरण केंद्रात पंप चालवायचा. शहराचं पाणी त्याच तलावातलं. चहा पिताना तो हमखास विचारी, "काय वहिनी, वरून कसं दिसतंय आमचं पाणी?"

"हिरवं उतरतंय. यंदा तर छानच उतरतंय."

खरं तर शेतांतलं खत आणि गटारांचं पाणी वर्षानुवर्षं तलावाच्या गाळात मुरलेलं. ऊन तापलं की ते वर येतं आणि शेवाळ माजतं. मग यंदाच कमी कसं? ही शंका तिलाही चाटून गेली होती. पण चांगल्या बातमीची उलटतपासणी कोण करतं?

त्या सकाळी आभाळ लख्ख होतं. ढग औषधालाही नाही. तरी चित्रात तलावाचा एक कोपरा कोराच. तिनं मागची चित्रं काढली. कोपरा त्यांतही होता, चित्रागणिक वाढत आलेला. पुसण्याचा नियम तिनंच संगणकाला लिहून दिला होता: इतकं गच्च हिरवं दिसलं, तर ते पाणी नव्हे, काठावरचं गवत समजायचं.

तिनं नियम काढला. कोपरा भरला. सायीसारखा जाड हिरवा थर, आणि त्याच्या मधोमध पाणी उचलायचा मनोरा. तिनं दिराला फोन लावला.

"भाऊजी, पंप बंद करा!"

"सकाळी सकाळी थट्टा होय?"

"थट्टा नाही हो. मनोऱ्याभोवती शेवाळ माजलंय. विषारी असतं ते."

"अहो, तुमचाच नकाशा साहेबांनी भिंतीवर लावलाय. त्याच्याच जोरावर पाण्याची तपासणी महिन्यातून एकदाच केली."

"नकाशा चुकला. मी चुकले. बंद करा आधी!"

फोनमधली पंपाची घरघर थांबली.

"केला बंद. कालपासून वास येत होता जरा. मी म्हटलं, गाळ असेल... वहिनी, उकळून प्यायलं तर?"

"उकळून ते विष जात नाही. पाणी कुठवर गेलंय?"

"पहाटेचं सोडून झालंय. टाकीजवळच्या गल्ल्यांना आधी." तो अडखळला. "म्हणजे आपल्याला."

तिनं घरी फोन लावला. या वेळी सासूबाई चहा ठेवतात. फोन वाजत राहिला, वाजतच राहिला.